एक काना

माझ्या सासूबाईंना मी एकदा लेखी मारलं आहे. लोक मागून बोलतात, मी थेट स्टीलवर कोरून घेतलं. आमच्या गावात, डाळजमध्ये, हे सगळ्यांना माहीत आहे आणि अजून कुणी मला ते विसरू दिलेलं नाही. दुसऱ्यांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आपणच एकदा नीट सांगून टाकावं म्हणून लिहायला बसले.

सासूबाईंचं नाव कौसल्या मोहनराव गलांडे. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, मीही तेच म्हणते. वय एकसष्ट, उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. पेरूला फोम आणि पिशव्या लावायला बसल्या की दोन गड्यांना मागे टाकतील, पण त्यांची खरी ओळख ती नाही. आत्याबाई गिटार वाजवतात.

गिटार म्हटलं की लोक माझ्या नवऱ्याकडे बघतात. सुयोगला तर साधी शिट्टीही नीट वाजवता येत नाही. आत्याबाईंची गिटार मांडीवर आडवी असते, पाट्यासारखी. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालायच्या आणि डाव्या हातात धरलेली लोखंडी कांडी तारांवरून फिरवायची. स्वर तुटत नाही, ताणला जातो, माणसाच्या गळ्यासारखा वळतो. त्यांचं माहेर नरसिंहपूर. त्या बारा वर्षांच्या असताना तिथे मिरजेकडचे एक पोस्टमास्तर बदलून आले होते. टपाल वाटून झालं की ते ओट्यावर बसून ही गिटार वाजवायचे आणि ही पोर समोर बसून बघायची. मास्तरांनी आधी कांडी हातात दिली, मग धडे दिले आणि चार वर्षांनी बदली झाली तेव्हा गिटारच देऊन गेले. लग्नात ती रुखवतात ठेवायची की नाही यावर म्हणे बरीच चर्चा झाली होती. शेवटी ट्रंकेमागे दडवून ती डाळजला आली.

गावात बायकांचं भजनी मंडळ आहे. तानूबाई त्याच्या प्रमुख, टाळ त्यांच्याच हातात. त्यांचा टाळ वाजला की शेजारच्या शिवारातली ढोरं मान वर करतात, असं मामंजी म्हणतात. पखवाज आहे, वीस बायकांचे गळे आहेत आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून आत्याबाई आणि त्यांची लाकडी गिटार. उन्हाळ्यांनी त्या गिटारीचे सांधे सुटलेले, मान वाकलेली. एकट्या वाजवत असल्या तर खोलीत गोड ऐकू येते. मंडळात मात्र तिचा आवाज वाजवणारीच्या कानापर्यंतही जात नाही. तीस वर्षं बाई अशा वाजवत होत्या.

दर वैशाखात नरसिंह जयंतीला मंडळ नरसिंहपूरला जातं. संध्याकाळी संगमाच्या घाटावर, पायऱ्यांवर बसून बायका भजन करतात. तिथे ना माईक ना वीज. दोन वर्षांपूर्वीच्या जयंतीला मीही गेले होते. भजन सुरू होण्याआधी आत्याबाई तारा जुळवत होत्या, त्यांना दोन मिनिटं जास्त लागली. तानूबाई वळून म्हणाल्या, "कौसल्या, आगं जुळवतीस कशाला? तू नुसता हात फिरव, बरं दिसतं."

बायका हसल्या. आत्याबाईपण हसल्या. मला मात्र अशी तिडीक आली की बोलायला तोंड उघडलंच होतं, तर आत्याबाईंनी माझा पदर खाली ओढला. परत येताना टेम्पोत इंदापूर आलं. आत्याबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "निकिता, तिथं माझं माहेर हाय. वरच्या आळीत भावजय ऱ्हाती. मी वाजवती का नुसती हात फिरवती, ह्ये तिथं कुणालाच ठावं न्हाय. एकदा ऐकू जायला पायजे गं. एकदाच."

बाईंनी लग्नानंतर माझ्याकडे काही मागितलं असेल तर हे एवढंच.

माझं माहेर पणदरे. आमच्या भावकीतला मानसिंगदादा कोकरे तिथे दुधाचे कॅन बनवतो. घरामागे शेड आहे, कॅनच्या उतरंडी लागलेल्या असतात. गेली काही वर्षं हा माणूस कॅनमधून वेळ काढून स्टीलच्या गिटारी बनवतो, हे मला त्याच वर्षी राखीपौर्णिमेला गेल्यावर कळलं. पहिली गिटार त्याने एका बाद कॅनचा पत्रा कापून केली आणि ती कॅनसारखीच वाजली. हट्टाने दुसरी केली, तिसरी केली. आता पुण्या-बंगळूरची मुलं वाट बघून त्याच्याकडून गिटार घेऊन जातात. गावातले लोक मात्र अजूनही विचारतात, ह्यात दूध किती बसतं?

या गिटारीचं अंग सगळं स्टीलचं. पोटात पातळ अॅल्युमिनियमची एक वाटी बसवलेली असते, पालथ्या ताटलीसारखी. तार छेडली की ती वाटी थरथरते आणि आवाज दसपट करून बाहेर टाकते. वीज लागत नाही, माईक लागत नाही. दादाने हे सांगितलं आणि पुढच्याच आठवड्यात मी आत्याबाईंना आणि त्यांच्या लाकडी गिटारीला पणदऱ्याला घेऊन गेले.

दादाने मशीन बंद केली आणि म्हणाला, "मावशी, आधी वाजवा." आत्याबाई कॅनच्या झाकणांच्या ढिगाशेजारी बसून वाजवायला लागल्या. दादा डोळे मिटून ऐकत राहिला. झाल्यावर म्हणाला, "मावशी, गळा लई चांगला हाय. भांडं बारकं पडतंय."

आत्याबाईंनी मान खाली घातली. कुणी त्यांच्या वाजवण्याला गळा म्हटल्याचं बहुधा त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं.

गिटार व्हायला सात महिने लागले. किंमत सांगायची नाही असं मला बजावलेलं आहे, म्हणून सांगत नाही. पण आत्याबाईंनी खरेदी कशी केली ते सांगते, कारण असं गिऱ्हाईक दादाला परत मिळायचं नाही. बाई तिथे गेल्या की आधी बोटाच्या पेराने अंग ठोकून बघायच्या, बाजारात घागर घेताना ठोकतात तसं. पहिली वाटी बसवून दादाने ऐकवली तर म्हणाल्या, "मानसिंगराव, ह्यात डबा बोलतोय. तार न्हाय बोलत." दादाने मुकाट्याने वाटी काढली. वाटी तपासायची त्याची एक पद्धत आहे. तिच्यावर चिमूटभर बारीक रवा शिंपडतो आणि तार छेडतो. जिथे पत्रा जिवंत आहे तिथला रवा नाचतो, जिथे मुका आहे तिथे तसाच पडून राहतो. जन्मभर चाळण हलवलेल्या बाईला हे समजायला किती वेळ लागणार? दादाला दिसायच्या आधी आत्याबाई बोट दाखवायच्या, "हितला बसून हाय बघा." मग तो हलक्या हातोडीने तिथे चार टोले द्यायचा. अशा तीन वाट्या बाद झाल्या. चौथीवरचा रवा सगळीकडून उडाला. दादा स्वतःशीच हसला आणि म्हणाला, "मावशी, पुण्याच्या पोरांनी दुसऱ्या वाटीलाच पास केलं असतं."

"त्यांना कुठं नरसिंहपूरला वाजवायचंय," आत्याबाई म्हणाल्या.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

दादाची बायको योगिनी बारामतीत एका भांड्यांच्या दुकानात नावं घालते. ती छोटी मशीन हातात धरून टिक् टिक् करत भांड्यावर नाव कोरायचं, ते काम. तिचं अक्षर छापल्यासारखं आहे. स्टीलची वस्तू घेतली की तिच्यावर नाव घालायचंच, हे आपल्याकडे कुणी ठरवलेलं नाही पण मोडतही नाही. आमच्या मांडणीतली भांडी वाचत गेलं तर गलांड्यांचा सगळा गोतावळा कळतो. ताटावर मामंजींचे मामा, पातेल्यावर त्यांचे मावसभाऊ, हंड्यावर माझे चुलते. ज्याने दिलं त्याचं नाव. जी रोज घासते तिचं नाव एकाही भांड्यावर नाही. हे मी एकदा आत्याबाईंना बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "घासताना कुठं वाचतीस एवढं?" पण गिटारीवर नाव घालायचं का विचारलं तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "घालतील व्हय?"

मी लगेच योगिनीला फोन लावला. सुट्टीच्या दिवशी आम्ही जायचो नाही आणि इतर दिवशी ती बारामतीत, त्यामुळे तिने आत्याबाईंना कधी पाहिलंच नव्हतं; दादा घरी नुसतं 'मावशी' म्हणायचा, ती मावशी म्हणजेच आत्याबाई हे तिला ठाऊक नव्हतं. दुकानात गर्दी होती, ती ओरडूनच बोलत होती.

"कुणाच्या नावानं हाय गं?"

"आमच्या आत्याबाईंच्या नावानं. लिही, कौसल्या मोहनराव गलांडे, डाळज."

"आन् ठेवायची कुठं?"

"नरसिंहपूरला न्यायचीय, देवापुढं. जयंतीच्या आत पायजे बघ."

एवढंच बोलणं. आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? पण योगिनीच्या जागी बसून बघा. पंधरा वर्षं ती नावं घालते आहे. कुणाच्या तरी नावानं आणि देवापुढं, असं जे जे तिच्याकडे येतं, समई म्हणा, पिंप म्हणा, त्याच्यावर काय लिहितात ते तिचा हात आपोआप लिहितो.

जयंतीच्या आदल्या दिवशी आम्ही गिटार आणायला गेलो. सुयोग पिकअप चालवत होता, आत्याबाई नवी इरकल नेसून मध्ये बसलेल्या. दादाने गोणपाट बाजूला केलं आणि शेडमध्ये उजेडच पडला. आमची तोंडं तिच्यात दिसत होती. आत्याबाईंनी पेराने ठोकलं, कान लावला, खूश झाल्या. मग मांडीवर घ्यायला वळवली तेव्हा लोकांकडे जी बाजू येते तिच्यावरचं नाव समोर आलं. छापल्यासारखं सुंदर अक्षर.

कै. कौसल्या मोहनराव गलांडे, डाळज.

कैलासवासी! मी पुन्हा पुन्हा वाचलं. बाई समोर धडधाकट बसलेल्या, कपाळावर कुंकू, आणि त्यांच्या गिटारीवर त्या मेलेल्या. आणि हे सुनेने सांगून घातलेलं! त्या दिवशी सुट्टी काढून थांबलेल्या योगिनीने आधी नाव पाहिलं, मग आत्याबाईंना पाहिलं आणि तोंडावर हात घेऊन रडायलाच लागली. सुयोग म्हणाला, "निकिता, एवढी घाई होती व्हय तुला?" त्याच्याशी पुढचे चार दिवस मी बोलले नाही.

"दादा, तू तरी वाचायचं की रे!" मी ओरडले.

"मी तारा चढवत हुतो," दादा म्हणाला. खरं आहे, तो गिटार कानानेच बघतो.

पॉलिश मारून घालवता येईल का विचारलं. दादाने मान हलवली. ग्राइंडर लावला तर पत्रा तापणार, तापला की पातळ होऊन आवाज फिरणार. नाहीतर सगळं उघडून वाटी काढायची, म्हणजे आठ दिवस. जयंती उद्यावर. मी म्हटलं, वर टिकल्या चिकटवू. दादा म्हणाला, चिकटवलेलं काहीही तारेबरोबर गुरगुरणार. मग मात्र मला रडू फुटलं. सणाच्या दिवशी, माहेरच्या घाटावर, सगळ्यांच्या देखत नावामागे कै. लावून कोण बसेल? पुन्हा ती वाकलेली लाकडी गिटार, पुन्हा ते हात फिरवणं. माझ्या एका फोनने सात महिने आणि बाईंची तीस वर्षं मातीत गेली होती.

आत्याबाई नावाकडे बघत होत्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. गड्याने चुकीची फांदी छाटली की आता हिचं काय करता येईल म्हणून झाडाकडे बघतात, तशा बघत होत्या. मग त्यांनी कै आणि टिंबाच्या मधल्या जागेवर नख ठेवलं.

"योगिनी, मशीन हाय का घरी?"

"हाय मावशी. पण आता काय करायचं?"

"एक काना द्यायचा हितं."

कुणालाच कळेना. योगिनीने मशीन आणली पण ती पुन्हा चालवायचं धाडस तिला होईना. आत्याबाईंनी ती तिच्या हातातून घेतली. "सरळ रेघ मला येती. तीस वर्सं तारंवर सरळच चाललाय हात." डाव्या हाताने गिटार दाबून धरली आणि वरून खाली, एका दमात, टिक् टिक् टिक् टिक्.

कौ. कौसल्या मोहनराव गलांडे, डाळज.

मात्रा जराशा डावीकडे राहिल्या होत्या आणि काना योगिनीच्या अक्षरापेक्षा जाड होता. पण कौ म्हणजे कौ. दादा मोठ्याने हसला. मी डोळे पुसत विचारलं, "आत्याबाई, कौ. म्हंजी काय पण? लोक विचारतील की."

"ते उद्या वाजवल्यावर ठरंल," त्या म्हणाल्या. "वाजली न्हाय तर पयलंच बरं हुतं म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाटावर मंडळ बसलं. उन्हं उतरली होती, संगमाचं पाणी अगदी शांत होतं. आत्याबाई नेहमीसारख्या मागे, वरच्या पायरीवर. गिटार बघून बायकांनी कॅन आणला, कळशी आणली म्हणून चेष्टा केली. तानूबाईंनी टाळ उचलला, पहिला अभंग सुरू झाला.

पहिलं कडवं आत्याबाईंनी सोडून दिलं. दुसऱ्याच्या आधी कांडी तारेवर ठेवली.

मी काय सांगू! वीस गळे, पखवाज, तानूबाईंचा तो टाळ, आणि त्या सगळ्यांतून एक स्वर असा वर आला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. त्या वळल्या ते त्यांचं गाणं थांबलं. पखवाजवाली गडबडली, तिचा हात मंद झाला. तानूबाई तेवढ्या वाजवत राहिल्या, चार ठोके, सहा ठोके. मग त्यांनी टाळ मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने बायकांना गप्प राहायची खूण केली. घाटावर एकटी गिटार वाजत राहिली. आवाज पाण्यावर जात होता, पलीकडच्या काठाला लागून परत येत होता. आत्याबाईंचे डोळे मिटलेले. न राहवून मी शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, "माझ्या सासूबाई हायत."

अभंग संपायच्या आत वरून पायऱ्या उतरत एक बाई आल्या. हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले, पायात चप्पल नाही. आत्याबाईंच्या भावजय, ठमाबाई.

"वन्सं!" त्या तिथूनच ओरडल्या. "तुमीच व्हय? आवो, घरात ऐकू आलं मला! भाकरी तव्यावर सोडून आले!"

आत्याबाईंनी डोळे उघडले. कांडी तारेवरच होती, स्वर अजून चालू होता. त्या ठमाबाईंकडे बघून नुसत्या हसल्या. तसं हसताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यांनाही ते कुठे ठेवावं कळत नव्हतं.

भजन झाल्यावर बायकांनी गराडा घातला. तानूबाई गुडघ्यावर हात ठेवत चार पायऱ्या चढून आल्या, गिटारीशी वाकल्या आणि चष्मा सावरून वाचायला लागल्या. "कौ. कौसल्या. कौ. म्हंजी काय गं?"

मी उत्तर द्यायला पुढे झाले तर त्यांनी मला हातानेच थांबवलं. पुन्हा एकदा वाचलं. मग आत्याबाईंच्या डाव्या हातावर, त्या हात फिरवणाऱ्या हातावर, आपला हात ठेवून म्हणाल्या, "कौतुकाची. दुसरं काय असायचं?"

त्या दिवसापासून आत्याबाई मंडळात पुढे बसतात, टाळाच्या शेजारी.

ही झाली गेल्या वर्षीची गोष्ट. यंदा दिवाळीला आत्याबाई एकट्याच बसने पणदऱ्याला जाऊन आल्या, दादाकडे तारा बदलायच्या होत्या म्हणे. पाडव्याला सकाळी माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. आत स्टीलचा तांब्या. त्याच्या गळ्याखाली छापल्यासारख्या अक्षरात नाव होतं, कौ. निकिता सुयोग गलांडे.

तांब्या मी उजेडाकडे धरला. मग नीट पाहिलं. सगळी अक्षरं योगिनीची, सारखी आणि बारीक. काना तेवढा जाड आणि मात्रा जराशा डावीकडे.

"आत्याबाई," मी म्हटलं, "आधी कै. घालून घेतलं व्हय माझ्या नावामागं?"

"मग? फिटंफाट नको?" चहाचं आधण ठेवत त्या म्हणाल्या. "काना मात्र माझ्या हातानं दिलाय."

तो तांब्या मी मांडणीत ठेवत नाही. रोज त्यातलंच पाणी पिते आणि घासताना दर वेळी वाचते.